गाडी रांगतेय, रखडलीय की कुणी अडवलीय?

आजचा भाग एका इंग्रजी वाक्प्रचारावर आहे. तो म्हणजे 'स्लोड टू अ क्रॉल'. ऑफिसात काम करणाऱ्यांनी हा हजारदा ऐकला असेल. सर्व्हर स्लोड टू अ क्रॉल, ट्रॅफिक स्लोड टू अ क्रॉल, प्रोजेक्ट तर नेहमीच. त्याचा मोठा भाऊ म्हणजे 'ग्राइंड टू अ हॉल्ट'. पहिल्यात गोष्ट थांबायच्या बेतात असते, दुसऱ्यात कुरकुरत, घासत शेवटी थांबते.

हा विषय डोक्यात बसायचं कारण माझं काम. आमची टीम एक ॲप बनवते. गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचारी त्यात नोंदी भरतात, मग रेंज मिळाली की त्या वर जातात. ॲपमधले मराठी मेसेज बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण टीममध्ये मराठी वाचणारा मी एकटा, त्यात नंदुरबारचा. एक इंग्रजी मेसेज असा होता, की सिंक खूप हळू झालंय, कृपया थांबा. आता याचं मराठी करा. पाच मिनिटांचं काम वाटतं ना? मला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात जे सापडलं ते आज सांगतो.

आधी 'क्रॉल' घेऊ. क्रॉल म्हणजे रांगणं. पण आपल्याकडे 'बाळ रांगायला लागलं' ही पेढे वाटायची बातमी असते. ते आता पालथं पडून राहत नाही, उंबऱ्याकडे निघालंय, खालचे डबे वर ठेवा. म्हणजे मराठीत रांगणं ही हालचालीची सुरुवात आहे, आणि इंग्रजीतल्या या वाक्प्रचारात हालचालीचा शेवट. 'काम रांगतंय' असं मी घरी म्हणालो असतो तर आई म्हणाली असती, चला, सुरू तरी झालं!

गंमत म्हणजे इंग्रजीचंही यात एकमत नाही. पोहण्यात 'क्रॉल' हा सगळ्यात वेगाचा हात. आणि गुगलचा 'क्रॉलर' रोज इतकी पानं पालथी घालतो की त्याला रांगणारा म्हणणं म्हणजे चेष्टाच. असो.

'हॉल्ट'चं तर आपण पूर्ण मराठीकरण करून टाकलंय. एसटीच्या भाषेत हॉल्ट म्हणजे मुक्काम. 'आज धडगावला हॉल्ट आहे' असं ड्रायव्हर म्हणतो तेव्हा गाडी बिघडलीय असा अर्थ कुणी घेत नाही. गाडी रात्री तिथे झोपणार, ड्रायव्हर-कंडक्टर जेवणार, आणि पहाटे तीच गाडी परत खाली निघणार. मुक्कामी गाडी ही गावाला उलट विश्वासाची वाटते. आणि 'ग्राइंड'? दळणाऱ्या जात्याची घरघर म्हणजे घरात काम चालू आहे. मात्र 'कारखान्याला घरघर लागली' म्हटलं की ती मरणाऱ्याच्या घशातली. एकाच आवाजाचे दोन टोकाचे अर्थ. इंग्रजीच्या 'ग्राइंड'ला मराठीत सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मला तरी हीच वाटते. पण मोबाइलच्या स्क्रीनवर 'सिंकला घरघर लागली आहे' असं लिहिता येत नाही. माझ्या मॅनेजरला मी ते सुचवलं होतं, म्हणजे गमतीत.

मग मी आपल्याकडचे शब्द वहीत लिहायला घेतले. कासवगती, मुंगीच्या पावलानं, गोगलगायीसारखं, सरकारी कागदावर असेल तर कूर्मगती. प्राण्यांची ही यादी शाळेच्या निबंधात ठीक. रोजच्या बोलण्यात आपण प्राणी फारसे आणत नाही, क्रियापदं आणतो. रेंगाळणं, रखडणं, खोळंबणं, अडणं, अडकणं, रुतणं, तुंबणं, मंदावणं, ठप्प होणं. आणि न संपणाऱ्या प्रकरणाचं ते भिजत घोंगडं.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं, की हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. इंग्रजी क्रॉल फक्त वेग सांगतो. आपली क्रियापदं वेग जेमतेम सांगतात, पण कारण सांगतात. रेंगाळणारा स्वतःच्या मर्जीनं रेंगाळतो, शाळेतून घरी येताना बोराच्या झाडाखाली. खोळंबणारा दुसऱ्या कुणासाठी तरी थांबलेला असतो, त्याची स्वतःची पूर्ण तयारी असते. रुतलेल्याच्या पायाखाली चिखल असतो. तुंबलेल्याच्या पुढे काहीतरी आडवं आलेलं असतं. आणि रखडलेलं म्हणजे ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही ते.

आमच्या भागातल्या रेल्वेवर हे नीट दिसतं. सुरत-भुसावळ लाइन, जुन्या लोकांची तापी व्हॅली. बरीच वर्षं ही लाइन एकेरी होती. एकेरी लाइनवर समोरून गाडी यायची असली की एकीला स्टेशनात बाजूला थांबावं लागतं, त्याला आम्ही 'क्रॉसिंग' म्हणतो. पॅसेंजरनं कुठे निघालात तर कुठल्या स्टेशनवर किती वेळ जाईल याचा नेम नाही. आधी एक्सप्रेस जाणार, मग मालगाडी, मग आपण. डब्यातल्या लोकांच्या तोंडी वाक्य असायचं, "गाडी साइडला टाकली." गाडी थांबली असं नाही, टाकली. कुणीतरी टाकली. डब्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, की इंजिन धड आहे, रूळ धड आहे, फक्त आपला नंबर शेवटचा आहे. उधना-जळगाव दुहेरीकरणाचं आणि विद्युतीकरणाचं लोकार्पण १६ फेब्रुवारी २०१९ला धुळ्यातल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते झालं. तेव्हापासून क्रॉसिंगचा तो जाच गेला, पण 'साइडला टाकली' हा शब्दप्रयोग काही गेला नाही. परवाच एका काकांनी स्वतःच्या प्रमोशनबद्दल वापरला.

याच लाइनवर नवापूर स्टेशन आहे, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. एकाच बाकावर हद्दीची रेघ. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत. गाडी लेट आहे हे चार भाषांत ऐकायला मिळतं, आणि का लेट आहे हे एकाही भाषेत मिळत नाही.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. कंटाळू नका, पुढे याची गरज लागणार आहे.

ऑक्टोबर १९८६मध्ये अमेरिकेत एक प्रकार घडला. बर्कलीत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे आणि जवळच कॅलिफोर्निया विद्यापीठ. दोघांमधलं अंतर साधारण ४०० यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटं. त्यांच्यामधल्या नेटवर्कचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून घसरून ४० बिट्सवर आला. चाळीस हजार नव्हे, नुसते चाळीस. जवळजवळ हजारपट घसरण. स्लोड टू अ क्रॉल म्हणतात ते हेच. व्हॅन जेकबसन नावाच्या संशोधकानं याचा माग काढला आणि १९८८मध्ये त्यावर पेपर लिहिला. आजही नेटवर्क शिकताना तो वाचतात.

तार तुटलेली नव्हती. मशिन बंद नव्हतं. सगळी यंत्रणा जीव तोडून काम करत होती. प्रत्येक कॉम्प्युटर माहितीचं पाकीट पाठवायचा आणि पोच यायची वाट बघायचा. पोच उशिरा आली की त्याला वाटायचं, पाकीट हरवलं, म्हणून तो तेच परत पाठवायचा. आधीच रस्ता भरलेला, त्यात तीच पाकिटं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग पोच आणखी उशिरा, म्हणून पुन्हा पाठवणं. घाटात एक ट्रक अडकला की मागच्या गाड्या उजवीकडून घुसतात आणि उतरणारी लाइनसुद्धा बंद करून टाकतात, तसंच. सगळे चालतायत, पोचत कुणी नाही. आपल्याकडे याला घाण्याचा बैल म्हणतात.

जेकबसननं काढलेल्या उपायांपैकी एकाचं नाव 'स्लो स्टार्ट'. सुरुवातीला एकच पाकीट सोडायचं. पोच आली की दोन. मग चार, आठ. म्हणजे रस्त्याचा अंदाज घेत घेत वाढायचं. तुम्ही आत्ता हा भाग ऐकताय, त्या कनेक्शनची सुरुवातही अशाच पद्धतीनं झालीय, फक्त आता पहिल्या घासाला एकापेक्षा जास्त पाकिटं सोडतात. मी हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला लगेच बाळ आठवलं. नेटवर्क रांगण्याच्या गतीला आलं होतं, आणि त्यावरचा उपाय काय, तर आधी त्याला रांगायला लावा! इथे मात्र मराठी अर्थानं.

दुसरी गोष्ट त्याच्या थोडी आधीची. १९८५मध्ये मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन या तिघांनी एक गोष्ट गणितानं सिद्ध केली. ढोबळमानानं सांगायचं तर, निरोप पोचायला किती वेळ लागेल याला काही मर्यादाच नसेल, आणि एखादं मशिन बंद पडू शकत असेल, तर सगळ्या मशिनचं एकमत होईलच याची हमी कुठलीही पद्धत देऊ शकत नाही. याच्या मुळाशी अडचण साधी आहे. समोरून उत्तर येत नाही. आता ते मशिन मेलंय की फक्त हळू चाललंय, हे बाहेरून कळायला मार्गच नाही. आम्ही इंजिनिअर मग 'टाइमआउट' लावतो. तीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर मेला असं समजा. हे तीस सेकंद कुठल्या शास्त्रातून येत नाहीत. कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलेले असतात, बहुतेक वेळा पुण्यात किंवा बंगळुरात, चांगल्या वायफायवर.

आता परत नंदुरबारला येऊ. शहादा तालुक्यात टेंभली नावाचं गाव आहे. २९ सप्टेंबर २०१०ला देशातली पहिली आधार कार्डं या गावात दिली गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या भागात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. त्यानंतर रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशिन आलं. आणि त्या मशिनबरोबर एक नवा मराठी वाक्प्रचार आला, जो कुठल्याही कोशात शोधायची गरज नाही: "सर्व्हर डाऊन आहे."

सर्व्हर डाऊन म्हणजे नक्की काय? कधी खरंच सर्व्हर बंद असतो. कधी सर्व्हर ठणठणीत असतो आणि गावात रेंज नसते. कधी महिन्याच्या त्याच दिवसांत सगळीकडून अंगठे एकदम आले म्हणून लाइन भरलेली असते. आणि कधी उन्हातान्हात काम केलेल्या हाताच्या रेषाच झिजलेल्या असतात, मशिनला त्या वाचता येत नाहीत. दुकानासमोर उभ्या असलेल्या बाईला या चारही वेळा एकच उत्तर मिळतं. ती पाड्यावरून चालत आलेली असते, त्या दिवसाची मजुरी सोडून. तिला तुमचं शास्त्र नको असतं, एवढंच हवं असतं: थांबू, की घरी जाऊ? सर्व्हर डाऊन याचं उत्तर देत नाही. अंगठा परत लाव, परत लाव, असं चालू राहतं. बर्कलीतल्या कॉम्प्युटरनी तेच केलं होतं.

याहून वाईट शब्द मला वाटतो तो 'ठप्प'. पावसाळ्यात आमच्याकडे दर वर्षी दरड कोसळते आणि वाहतूक ठप्प होते. वाहनांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण माणसं ठप्प होत नाहीत. सप्टेंबर २०२१मध्ये चांदसैली घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. तेव्हा एक वयस्क माणूस आपल्या आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे चालत निघाला. ती वाचली नाही. सातपुड्यात बांबूला झोळी बांधून पेशंट खाली आणावा लागणं काही जुन्या काळातली गोष्ट नाही. 'ठप्प' म्हटलं की डोळ्यांसमोर थांबलेल्या गाड्यांची रांग येते. त्या दरडीवरून चढून जाणारा माणूस त्या शब्दात दिसत नाही.

आणि नर्मदेकाठी तर नदीच थांबली. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिथल्या काठावर उभं राहिलं की समोर नदी दिसत नाही, धरणाचा फुगवटा दिसतो. पाणी भरपूर, वाहणं नाही. धरणाची पायाभरणी ५ एप्रिल १९६१ला पंडित नेहरूंनी केली, देशार्पण १७ सप्टेंबर २०१७ला झालं. मध्ये ५६ वर्षं. या ५६ वर्षांना रखडलेला प्रकल्प म्हणणारे लोक आहेत. त्याच काळात ज्यांची जमीन गेली त्यांच्याकडे विचारा, ते म्हणतील, रखडलं ते पुनर्वसन. तेच क्रियापद, पण कर्ता बदलला की गोष्ट उलटी होते.

खरं तर कर्ता म्हणणंही बरोबर नाही, कारण 'रखडलं'ला करणारा कुणी नसतोच. हे मला वहीत शब्द लिहिताना दिसलं. आपल्याकडे या क्रियापदांच्या जोड्या आहेत: थांबणं-थांबवणं, अडणं-अडवणं, रखडणं-रखडवणं, खोळंबणं-खोळंबवणं. दुसऱ्या शब्दाला माणूस लागतो. 'रखडवलं' लिहिलं की वाचणारा लगेच विचारणार, कुणी? आता कुठलाही पेपर उघडा. रस्ता रखडला, निधी अडकला, भरती खोळंबली. जणू निधीच वाटेत कुठेतरी बोराखाली बसलाय. ऑफिसच्या मेलमध्ये आम्हीही हेच करतो, फक्त इंग्रजीत. 'प्रोग्रेस हॅज स्लोड टू अ क्रॉल.' कुणाच्या टेबलावर अडकलंय ते मीटिंगमधल्या प्रत्येकाला माहीत असतं. मला हा वाक्प्रचार म्हणूनच फार सोयीचा वाटतो, चांगल्या अर्थानं नाही.

तर, ॲपचा मेसेज. आधी लिहिलं, 'सिंक मंदावले आहे.' वाचायला बातम्यांसारखं. मग 'प्रक्रिया सुरू आहे, कृपया प्रतीक्षा करा.' हे सगळीकडे असतंच, म्हणून तेच चाचणीसाठी गेलं. धडगावकडच्या एका आशाताईंना फोन केला, कसं वाटलं विचारायला. त्या म्हणाल्या, "दादा, सुरू आहे म्हणता, पण मी टेकडीवर उभी आहे. रेंज फक्त इथेच येते. अंधार पडायला आला. मी खाली उतरले तर भरलेलं सगळं जाईल का?"

मी म्हटलं, "नाही ताई, फोनमध्येच राहतं."

"मग तेच लिहा ना."

त्यानंतर आम्ही वेगाबद्दल काही लिहायचंच सोडून दिलं. आताचा मेसेज असा आहे: 'बारापैकी तीन नोंदी पोचल्या. नऊ तुमच्या फोनमध्ये जपून ठेवल्या आहेत. रेंज आली की आपोआप जातील. तुम्ही निघालात तरी चालेल.' आकडे अर्थात बदलत राहतात. चूक आमच्या सर्व्हरची असेल तेव्हा वेगळा मेसेज येतो: 'अडचण आमच्याकडे आहे. परत भरू नका.' या दुसऱ्या मेसेजवर मीटिंगमध्ये बराच वाद झाला. अडचण आमच्याकडे आहे असं कुठे लिहितात का, कंपनीचं नाव खराब होतं वगैरे. मी बर्कलीची गोष्ट सांगितली. 'परत भरू नका' लिहिलं नाही तर सगळे परत भरतील, आणि मग सर्व्हर खरंच झोपेल. कंपनीच्या नावापेक्षा हा मुद्दा लवकर पटला.

'तुम्ही निघालात तरी चालेल' हे वाक्य इंग्रजी मूळ मेसेजमध्ये नव्हतं. ते आता इंग्रजीतही घातलंय.

बरं, एक काम तुमच्याकडे. आमच्या अहिराणीत भेटल्यावर विचारतात, "काय चाली रायनं?" म्हणजे काय चाललंय. चालण्यावरूनच खुशाली विचारायची. तर तुमच्या भागात काम हळू चाललं, अडलं, थांबलं, यासाठी जे शब्द आहेत ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. भिली, पावरी, कोकणी, मालवणी, वऱ्हाडी, जी तुमची असेल ती. शब्द कधी वापरतात तेही सांगा, नुसता अर्थ नको. पुढच्या भागात एकदम उलटं टोक घेणार आहे: सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार आणि घोड्यांच्या चाली. रेवाल चाल म्हणजे काय, आणि त्या चालीच्या घोड्याला किंमत जास्त का मिळते, हे तिथल्या एका जाणकारांकडूनच ऐकू. भेटू.